आउटपुट स्टेटमेंटशी झटापट : जेसीएल शिकताना सोलापुरात ठेवलेल्या नोंदी

काम काय ते आधी सांगतो. मेनफ्रेमवरचा (बँका-कंपन्यांचा मोठा संगणक) एकच रिपोर्ट, म्हणजे टॉवेल-चादरीच्या कारखान्याचा रोजचा डिस्पॅच रिपोर्ट समजा, प्रोग्रामला हात न लावता दोन ठिकाणी पाठवायचा. ऑफिसला साध्या कागदावर एक प्रत, गोदामाला वेगळ्या फॉर्मवर तीन प्रती. शिवाय जॉब नीट संपला तर त्याचा लॉग फेकून द्यायचा, फसला तर ठेवायचा. हा टास्क मला माझ्या मित्राने दिला, तो सोलापूरचाच, आता पुण्यात एका बँकेच्या रात्रीच्या बॅच सपोर्टला आहे. मी सध्या घरी बसून मेनफ्रेम शिकतोय. जेसीएलमध्ये (मेनफ्रेमला काम सांगायची भाषा) जॉब (अख्खं काम), एक्झेक (कुठला प्रोग्राम चालवायचा), डीडी (कुठली फाइल किंवा छपाई) तीन दिवसात सगळे शिकवतात पण आउटपुट स्टेटमेंटवर (छपाई कुठे, किती प्रती हे सांगणारी ओळ) आलं की "ते प्रिंटिंगचं असतं" म्हणून पुढे जातात, म्हणून या नोंदी.

एक सूचना: खाली जेसीएल देवनागरीत लिहिलंय, सिस्टिमला देताना सगळं इंग्रजी कॅपिटलमध्ये, आणि // एकदम पहिल्या कॉलमपासून.

३ एप्रिल

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होतंच, त्यावर हर्क्युलीस टाकला. हा एम्युलेटर (साध्या संगणकावर मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम) रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये सुरू केला, पैसे लागत नाहीत. त्यावर चालवायला एमव्हीएस ३.८जे (मेनफ्रेमची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम), ते पण फुकट, आणि सगळं तयार जोडून मिळतं ते टीके४ मायनस नावाचं पॅकेज (युर्गन विंकेलमान यांचं). अनझिप करायचं, स्क्रिप्ट चालवायची, ३२७० टर्मिनल (मेनफ्रेमची स्क्रीन) जोडायचं, लॉगिन हर्क०१. इथपर्यंत तासाभरात झालं, यात लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं हे की संध्याकाळी लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, तो सरळ चार्जरवर चालतो, त्यामुळे एमव्हीएस चालू असतानाच सगळं धाडकन बंद. परत चालू केलं तर डिस्कची एक फाइल खराब. पूर्ण फोल्डर पुन्हा अनझिप करावा लागला आणि तोपर्यंत केलेलं गेलं. तुम्ही करणार असाल तर पहिल्यांदा नीट चालू झालं की बंद करून अख्ख्या फोल्डरची कॉपी काढून ठेवा, मगच खेळा. एप्रिलमध्ये सोलापुरात लाइटचा भरवसा धरून काही करू नये.

५ एप्रिल

जॉब टाकायची सोपी पद्धत सापडली. टीके४ मध्ये कार्ड रीडर (जॉब आत घेणारा भाग) ३५०५ नंबरच्या पोर्टवर ऐकत असतो, लॅपटॉपवर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये जेसीएल लिहायचं आणि नेटकॅटने (पोर्टवर मजकूर पाठवणारी कमांड) त्या पोर्टवर ढकलायचं, जॉब सुरू. क्लास ए ची (क्लास म्हणजे छपाईची रांग) छपाई प्रिंटर ००ई च्या टेक्स्ट फाइलमध्ये येऊन पडते. टर्मिनलवर टाइप करत बसण्यापेक्षा लई बरं.

रिपोर्टसाठी प्रोग्राम लिहिला नाही, आयईबीजेनर (कॉपी करणारा तयार प्रोग्राम) वापरला. सिसयूटी१ मध्ये, म्हणजे आत जाणारा, चार ओळींचा डेटा (डबल चादर ४० नग, टॉवेल २०० नग, नॅपकिन ६०० नग असं), बाहेर पडणाऱ्या सिसयूटी२ वर सिसआउट, म्हणजे छपाई. तो जसंच्या तसं कॉपी करतो, आपल्याला तेवढंच पाहिजे.

६ एप्रिल

आउटपुट कार्ड (जेसीएलच्या ओळीला कार्ड म्हणतात) टाकलं :

//गोदाम आउटपुट क्लास=ए,कॉपीज=३

जेसीएल एरर. मेसेज आयईएफ६०५आय, अनआयडेंटिफाइड ऑपरेशन फील्ड. म्हणजे "आउटपुट" हे ऑपरेशनच त्याला माहीत नाही. स्पेलिंग बघितलं, कॉलम मोजले, टॅबच्या जागी स्पेस केले, कार्ड जॉबच्या खाली ठेवलं, एक्झेकच्या खाली ठेवलं, नाव बदललं. तोच मेसेज. शनिवार-रविवार दोन्ही यात गेले.

शेवटी मित्राला फोटो पाठवला. त्याचा रिप्लाय: "काय बे, ३.८ वर आउटपुट शोधायलास व्हय? ते स्टेटमेंट तेव्हा जन्मलं पण नव्हतं."

खरंय. हे फुकट मिळणारं एमव्हीएस १९८० च्या आसपासचं आहे, आउटपुट नावाचं जेसीएल स्टेटमेंट त्याच्यानंतरच्या व्हर्जनमध्ये आलं. तुम्ही हर्क्युलीसवर ३.८जे चालवत असाल आणि ६०५ आला तर तुमचं कार्ड बरोबरच आहे, सिस्टिम जुनी आहे. तिथेच सोडा.

८ एप्रिल

३.८ वर मग तीन प्रती कशा काढायचे? दोन रस्ते. एक, डीडीवरच कॉपीज=३. दुसरा, जेईएस२ चं (जॉब आणि छपाई सांभाळणारा सिस्टिमचा भाग) स्वतःचं कार्ड, ज्याची सुरुवात // ने नाही तर /* ने होते: /*आउटपुट. त्याला एक छोटा कोड द्यायचा, चार अक्षरांपर्यंत, आणि डीडीवर सिसआउटच्या तिसऱ्या जागेवर तोच कोड लिहायचा:

//सिसयूटी२ डीडी सिसआउट=(ए,,जीडीएन)

चाललं. प्रिंटरच्या फाइलमध्ये आधी ते मोठ्या मोठ्या अक्षरांचं सेपरेटर पान, मग रिपोर्ट लागोपाठ तीनदा. बघून बरं वाटलं पण टास्क अर्धाच झाला, कारण एका डीडीला एकच कोड लागतो. एकच रिपोर्ट ऑफिसला एक आणि गोदामाला तीन, हे यातून होत नाही, रिपोर्ट दोनदा लिहावा लागेल.

आणि हे दोन आउटपुट एक नव्हेत, हे आत्ताच डोक्यात घालून ठेवा. /*आउटपुट हे जेईएस२ चं कंट्रोल कार्ड, //नाव आउटपुट हे खरं जेसीएल स्टेटमेंट. डीडीवरच्या आउटपुट= मधून फक्त दुसऱ्याला बोलावता येतं, पहिल्याला नाही. आणि डीडीवर आउटपुट= लिहिलं की सिसआउटची ती तिसरी जागा कोड राहत नाही, तिथे लिहिलेलं फॉर्मचं नाव धरलं जातं. नेटवर दोन्हीची उदाहरणं एकाच पानावर मिसळून पडलेली असतात.

१२ एप्रिल

झेड-ओएसचं (एमव्हीएसचं आजचं रूप) लॉगिन लागणार हे नक्की झालं. आयबीएमचं झेड एक्सप्लोर फुकट आहे, खऱ्या झेड-ओएसवर, व्हीएस कोडमधून जॉब टाकता येतात, शिकणाऱ्याने आधी ते बघावं. मी मात्र पुण्यातल्या एका ट्रेनिंगवाल्यांचं महिन्याचं लॉगिन घेतलं कारण मला एसडीएसएफची (जॉब आणि त्यांची छपाई बघायचं साधन) स्क्रीन पाहिजे होती, प्रती किती आणि फॉर्म कुठला ते तिथे कॉलममध्ये दिसतं. १५०० रुपये गेले. रात्री अकरानंतर त्यांचं कनेक्शन अडकत अडकत चालतं, आणि दिवसा आमच्याकडे ४२ डिग्रीत पत्र्याच्या खोलीत बसवत नाही, त्यामुळे काम सकाळी सहा ते नऊ.

तेच कार्ड टाकलं. जॉब संपला, रिटर्न कोड शून्य (म्हणजे सगळं ठीक), एररचं नाव नाही. आणि प्रत एकच!

कारण साधं: आउटपुट कार्ड नुसतं असून काही होत नाही. डीडीने त्याला नावाने बोलवायला लागतं, नाहीतर कार्डवर डिफॉल्ट=यस पाहिजे. दोन्ही नसेल तर ते कार्ड जॉबमध्ये नुसतं बसून राहतं आणि सिस्टिम त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

१३ एप्रिल

डीडीवर आउटपुट=*.गोदाम लिहिलं. स्टार आणि डॉट दोन्ही पाहिजेत, नुसतं नाव चालत नाही.

मग आउटपुट कार्ड उचलून डीडीच्या खाली ठेवून बघितलं, मुद्दाम, कारण एका जुन्या जॉबमध्ये तसं आहे असं वाटत होतं. जेसीएल एरर. ज्याला बोलवायचं ते आधी येऊन गेलेलं पाहिजे, मागे बघता येतं, पुढचं दिसत नाही. त्यामुळे आता सगळी आउटपुट कार्डं जॉबच्या लगेच खाली, पहिल्या एक्झेकच्या वर ठेवतो. स्टेपच्या (एक एक्झेक म्हणजे एक स्टेप) आतलं कार्ड दुसऱ्या स्टेपमधून बोलवायचं असेल तर *.स्टेपचं नाव.कार्डाचं नाव असं लिहावं लागतं, ती कटकट पण वाचते.

१४ एप्रिल

आज सुट्टी, सकाळभर बसलो. विषय: क्लास.

आउटपुट कार्डवर क्लास=ए, डीडीवर सिसआउट=*. मला रिपोर्ट क्लास ए मध्ये पाहिजे होता, तो जाऊन बसला क्लास एच मध्ये, जो जॉब कार्डवरचा एमएसजीक्लास (जॉबच्या मेसेजचा क्लास) आहे. आउटपुट कार्ड लागू झालं होतं, एसडीएसएफमध्ये प्रती तीन दिसत होत्या, फॉर्म पण बरोबर. फक्त क्लास ऐकला नाही.

मित्राला फोन केला.

"सिसआउटला काय लिहिलायस?"

"स्टार."

"मग स्टार म्हणजे क्लास सांगितलासच की बे तू. डीडीने सांगितलं की आउटपुटचं कोण ऐकतंय. मोकळं सोड ते."

"मोकळं म्हणजे सिसआउट काढूनच टाकू?"

"काढू नको बे! कंसात नुसता स्वल्पविराम टाक."

म्हणजे असं: सिसआउट=(,). बघायला अर्धवट टाइप केल्यासारखं दिसतं. मी मॅन्युअलमध्ये हे आधी पाहिलं होतं आणि छपाईची चूक समजून सोडलं होतं. पण याचा अर्थच "हा डीडी सिसआउट आहे, क्लास मात्र मी सांगत नाही" असा आहे, आणि तेव्हाच आउटपुट कार्डवरचा क्लास उचलला जातो. बदललं, रिपोर्ट ए मध्ये गेला.

मला हे आता असं दिसतं: आउटपुट कार्ड म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याने गठ्ठ्याला बांधलेली चिठ्ठी, आणि डीडी म्हणजे गठ्ठ्यावरच मार्करने लिहिलेलं. दोन्हीत फरक पडला तर मार्करचं खरं. आउटपुट शिकताना पॅरामीटर पाठ करायच्या आधी हे कोण कोणाला मारतं ते समजून घ्या, कारण पॅरामीटर मॅन्युअलमध्ये सापडतात, पण असं फसलेल्या जॉबवर रिटर्न कोड शून्यच असतो, चूक कळत नाही.

१७ एप्रिल

मुख्य टास्क. दोन कार्डं, एक डीडी:

//ऑफिस आउटपुट क्लास=ए,कॉपीज=१
//गोदाम आउटपुट क्लास=ए,कॉपीज=३,फॉर्म्स=जीडीएन१
//स्टेप१ एक्झेक पीजीएम=आयईबीजेनर
//सिसप्रिंट डीडी सिसआउट=*
//सिसइन डीडी डमी
//सिसयूटी२ डीडी सिसआउट=(,),कॉपीज=२,
// आउटपुट=(*.ऑफिस,*.गोदाम)

(सिसयूटी१ चा डेटा इथे गाळलाय. फॉर्म्सचं नाव आठ अक्षरांपर्यंत चालतं.)

एसडीएसएफमध्ये जॉबसमोर प्रश्नचिन्ह टाकलं की डेटासेटची यादी उघडते. सिसयूटी२ दोनदा दिसला, म्हणजे एकाच रिपोर्टचे दोन आउटपुट झाले, हेच पाहिजे होतं. उजवीकडे सरकवलं, सीसी कॉलम बघितला, तो प्रतींचा. एका ओळीत २, दुसरीतही २. पाहिजे होतं १ आणि ३.

डीडीवर ते कॉपीज=२ दिसतंय ना, ते मित्राने पाठवलेल्या जुन्या नमुन्यातून कॉपी होऊन आलेलं. डीडीवरचं कॉपीज दोन्ही कार्डांच्या कॉपीजला मारतं. १४ तारखेचाच नियम, नुसता क्लासच्या ऐवजी प्रती. काढून टाकलं, १ आणि ३ आले, फॉर्म पण फक्त गोदामच्या ओळीत जीडीएन१.

खऱ्या कामात हे जास्त नडतं असं मित्र म्हणतो. वर्षानुवर्षं चालत आलेल्या जॉबमध्ये कोणीतरी डीडीवर डेस्ट (छपाई जायचं ठिकाण) नाहीतर कॉपीज लिहून ठेवलेलं असतं, नवीन माणूस आउटपुट कार्ड बदलतो, काही फरक पडत नाही, मग तो प्रिंटरवाल्यांना फोन करतो.

एका डीडीवरून अशी १२८ पर्यंत कार्डं बोलावता येतात. कोणाला लागतात देव जाणे.

१९ एप्रिल

डिफॉल्ट=यस. वाटलं होतं सगळ्यात सोपं असेल.

जॉबखाली गोदाम कार्डवर डिफॉल्ट=यस टाकलं, डीडीवरचं आउटपुट= काढलं. रिपोर्टला तीन प्रती मिळाल्या, पण सिसप्रिंटलाही तीन. म्हणजे आयईबीजेनरचं ते एक पान, ज्यावर प्रोसेसिंग एंडेड ॲट ईओडी याशिवाय काही नसतं, ते गोदामाच्या खास फॉर्मवर तीन वेळा छापलं गेलं असतं. (क्लास मात्र सिसप्रिंटचा एच च राहिला, कारण तिथे स्टार. इथवर नियम पाठ झाला होता.) डिफॉल्ट म्हणजे ज्या ज्या सिसआउट डीडीने कोणाचं नाव घेतलेलं नाही ते सगळे त्याच्या ताब्यात. त्यामुळे डिफॉल्ट कार्डवर प्रती आणि खास फॉर्म लिहू नका, तिथे सगळ्यांना चालेल असंच काहीतरी, समजा डेस्ट, आणि वेगळ्या रिपोर्टला नावाने बोलवा. नावाने बोलावलं की त्या डीडीपुरता डिफॉल्ट बाजूला पडतो.

मग दुसरी स्टेप जोडली आणि तिच्यात आणखी एक डिफॉल्ट=यस ठेवलं. मला वाटलं वरचं अधिक हे, दोन्ही लागतील. नाही. स्टेपमध्ये स्वतःचा डिफॉल्ट असला तर त्या स्टेपपुरता जॉबचा डिफॉल्ट बघितलाच जात नाही. बेरीज होत नाही, बदली होते. बेरीज पाहिजे असेल तर एकाच पातळीवर दोन कार्डं, दोन्हीवर डिफॉल्ट=यस.

२१ एप्रिल

पत्ता छापायचा प्रयत्न. आउटपुट कार्डवर नेम, ॲड्रेस, टायटल असं लिहिता येतं, सेपरेटर पानासाठी. पत्त्याच्या चार ओळी, प्रत्येकी ६० अक्षरं, स्पेस असेल तर सिंगल कोटमध्ये. अक्कलकोट रोड एमआयडीसीचा पत्ता एका दमात लिहिला तर ओळ ७१ व्या कॉलमच्या पुढे गेली आणि एरर. स्वल्पविरामावर तोडून पुढची ओळ // नंतर स्पेस देऊन १६ व्या कॉलमच्या आत सुरू केली की झालं. पान प्रत्यक्ष कसं छापायचं ते ज्या त्या साइटच्या सेटिंगवर आहे आणि माझ्याकडे प्रिंटर नाही, म्हणून हे इथेच सोडलं.

२४ एप्रिल

लॉगचं काम. जॉबचा स्वतःचा लॉग, जेसीएलची यादी आणि सिस्टिम मेसेज, यांना डीडी नसतो, मग आउटपुट= कुठे लिहिणार? त्यासाठी जेसडीएस:

//लॉग आउटपुट जेसडीएस=ऑल,आउटडिस्प=(पर्ज,होल्ड)

हे कार्ड पहिल्या एक्झेकच्या वरच पाहिजे. आउटडिस्पमध्ये पहिलं जॉब नीट संपला तर, दुसरं बिघडला तर (पर्ज म्हणजे फेका, होल्ड म्हणजे राखून ठेवा). नीट संपलेल्या जॉबचा लॉग गायब झाला, बरोबर. मुद्दाम प्रोग्रामचं नाव चुकीचं टाकलं, तो ॲबेंड झाला (मध्येच कोसळला) एस८०६ ने, लॉग होल्डमध्ये राहिला, बरोबर. खूश होऊन मित्राला स्क्रीनशॉट पाठवला.

त्याने विचारलं, "आता रिटर्न कोड १२ आणून दाखव."

आयईबीजेनरला सिसइनमधून चुकीचं कंट्रोल कार्ड दिलं, रिटर्न कोड १२ आला, रिपोर्ट झालाच नाही, आणि लॉग पण गायब. जॉब फसला हे सांगणारा कागदच फेकून दिला गेला. कारण आउटडिस्पच्या हिशोबात बिघडला म्हणजे ॲबेंड किंवा जेसीएल एरर. स्टेपने १२ देऊन सभ्यपणे बाहेर पडणं त्याच्या दृष्टीने नीट संपणंच. बँकेत कोणी हे असं चालू केलं असतं तर रात्री तीनला उठून काय बघितलं असतं, बोंबला.

म्हणून माझ्या जॉबमध्ये आता लॉगला (कीप,होल्ड) ठेवलंय, फेकायचं काम हाताने. मूळ टास्कमध्ये "नीट संपला तर फेका" होतं, ते मी केलं नाही आणि का केलं नाही ते मित्राला लिहून पाठवलं. तो म्हणाला आमच्याकडे पण कीपच आहे, तुला सापडतंय का ते बघत होतो. असला मित्र.

२६ एप्रिल

खर्च: लॉगिन १५००, आणि मॅन्युअलमधलं आउटपुटचं प्रकरण नवी पेठेत प्रिंट काढून बाइंडिंग केलं त्याचे २८०. हर्क्युलीस शून्य. वेळ सगळ्यात जास्त गेला तो ३.८ वर नसलेलं स्टेटमेंट शोधण्यात आणि क्लासच्या भानगडीत, बाकी सगळं मिळून त्याच्या निम्मं पण नाही.

लॉगिन १२ मेपर्यंत आहे. तोवर प्रोकमधलं (परत परत वापरायला साठवलेलं जेसीएल) आउटपुट बघायचंय. प्रोकच्या आतलं कार्ड बाहेरून बदलायला //प्रोकस्टेप.नाव आउटपुट असं लिहितात, बाहेरून बोलवायला *.स्टेप.प्रोकस्टेप.नाव. एक साधा प्रोक करून पहिलं चाललं, दुसऱ्यावर अजून जेसीएल एरर येतोय. कोणी केलं असेल तर प्रोकमधल्या स्टेपचं नाव आणि बोलावणारी ओळ, दोन्ही पाठवा.